चंद्रव्वाच्या काळ्या कुरडया

चंद्रव्वाच्या घरात माणसं दोनच, पण दोघांचे धंदे एकमेकांच्या मुळावर आलेले. नवरा ईरप्पा गिरणीत आगवाला होता, म्हणजे बायलरच्या भट्टीत फावड्यानं कोळसा लोटायचा. बायको त्याच गिरणीच्या धुराड्याखाली, आमच्या गल्लीतल्या माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, पापड आणि कुरडया वाळत घालायची. त्यानं खाली जे पेटवायचं, ते तिनं वर झटकायचं.

चंद्रव्वा अक्कलकोटाकडची. लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला कानडीशिवाय अक्षर येत नव्हतं. मराठी ती शिकली शेजारच्या बजाबाईकडून, आणि बजाबाईची सगळ्या गल्लीशी भांडणं. त्यामुळं चंद्रव्वाला मराठीत आधी भांडता यायला लागलं, बोलता मागाहून. हात मात्र असा, की तिचा उडदाचा पापड तळल्यावर ताटात मावायचा नाही. कुरडई तर जाईच्या फुलासारखी. बजाबाई तिला नावं ठेवायची, पण पोरीच्या डोहाळजेवणाला पापड तिच्याकडूनच नेले.

त्या वेळी गिरणीत लांबच्या खाणीतला खड्यांचा कोळसा जळायचा. धूर यायचा, नाही असं नाही, पण तो सरळ वर जाऊन कुठंतरी विरायचा. मग एकोणीसशे सत्तावीस-अठ्ठावीस सालच्या सुमाराला एका उन्हाळ्यात चंद्रव्वानं कुरडया घातल्या, दुपारी घटकाभर पडली, आणि उठून बघते तर माळवदावर जणू कुणी काळे तीळ उधळलेले. बोट लावलं तर तीळ पसरला.

संध्याकाळी ईरप्पा घरी आला. चंद्रव्वानं एक कुरडई त्याच्या नाकापुढं धरली.

"हे काय हाय?"

"कुरडई."

"रंग कसला हाय?"

ईरप्पानं दिव्याजवळ नेऊन बघितली. "जरा सावळी झालीया."

"सावळी पोरगी असती, कुरडई नसती! तुमी मुद्दाम करताव."

"मी काय करतो? कोळसाच बदललाय. जवळच्या खाणीतला आणलाय, सगळा चुरा हाय. टाकला की आधी धूर हुतो, मग जळतो. पण लई स्वस्त पडला म्हनं."

चंद्रव्वा जरा विचारात पडली. "स्वस्त पडला तर वाचलेला पैसा कुणाकडं गेला?"

"मालकाकडं."

"आन् धूर?"

ईरप्पानं छताकडं बघितलं. "धूर काय, आपल्याकडं."

"असली वाटणी कुटं असती का?" चंद्रव्वा म्हणाली आणि ती कुरडई त्यालाच तळून वाढली. त्यानं ती निमूटपणे खाल्ली.

हळूहळू सगळ्या गल्लीला काजळीची सवय करून घ्यावी लागली. सोमलिंग गवळ्याची पांढरीशुभ्र गाय होती. तिच्यावर रोज काजळी बसून ती अशी करडी दिसायला लागली, की गिऱ्हाईकं म्हणायला लागली, 'सोमलिंग, तू म्हशीचं दूध गाईचं म्हणून घालतोस काय?' मग तो धार काढण्याआधी गिऱ्हाईकांसमोर गाय धुवायचा. गाईला आधी हा मान आवडला, मग ती बादली दिसली की लाथ मारायला लागली.

चंद्रव्वानंही एक तोड काढून बघितली. काजळीचे ठिपके पडलेले पापड तिनं 'मिऱ्याचे पापड' म्हणून विकले. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी एक म्हातारी परत आली आणि म्हणाली, "मिरं लई घातलंस बाई, पण तिखट कसं लागंना?" चंद्रव्वानं तिला खऱ्या मिऱ्याचे पापड फुकट दिले आणि ती तोड तिथंच सोडली.

तक्रार करावी असं सगळ्यांच्याच मनात होतं. एकदा चार बायका आणि सोमलिंग मिळून गिरणीच्या फाटकापर्यंत गेलेही. फाटकावरच्या कारकुनानं ऐकून घेतलं आणि बजाबाईला विचारलं, "तुमचा मुलगा कुठं कामाला?"

"तुमच्याच साचेखात्यात, मागावर."

"आणि धुराड्यातनं धूर यायचा बंद झाला, तर तुमचा मुलगा कुठं जाईल?"

भांडायला खोचलेला पदर बजाबाईनं सोडला. मंडळी परत फिरली. गल्लीत एकही घर असं नव्हतं की ज्याची चूल त्या धुराड्यावर चालत नव्हती. सकाळी धूर दिसला नाही तर बाया काळजीनं बाहेर यायच्या, आणि दिसला की शिव्या देत आत जायच्या.

अशात गिरणीचे मॅनेजर मुजुमदार साहेब, त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई सोवळ्याच्या कडक, पण चंद्रव्वाच्या पापडापुढं त्यांचं सोवळंही नरम पडायचं. 'पापड कच्चा असतो, आमच्या कढईत पडतो तेव्हाच तो अन्न होतो,' असा शास्त्रार्थ त्यांनी स्वतःच लावलेला होता. त्यांनी चंद्रव्वाला बंगल्यावर बोलावलं आणि पापड, सांडगे, कुरडया सगळं एकदम सांगितलं. निरोप देताना म्हणाल्या, "कुरडया पांढऱ्याफेक हव्यात हं. व्याही पुण्याचे आहेत, बोलतात फार."

घरी येऊन चंद्रव्वा नवऱ्यापुढं बसली. "लग्नाचं काम हाय. कुरडया वाळेस्तोवर तुमचा धूर बंद ठेवा."

ईरप्पाला हसू आलं. "अगं, बायलर हाय त्यो, चूल न्हवं. वाफ उतरली की सगळी गिरणी उभी ऱ्हाती."

"कायमचा कोण म्हणतंय? दुपारचं थोडंच."

"न्हाय जमायचं."

चंद्रव्वा उठून चुलीकडं गेली. दुसऱ्या दिवशी ईरप्पाच्या डब्यात भाकरी होती, कालवण नव्हतं. तिसऱ्या दिवशी कालवण होतं, त्यात मीठ नव्हतं. ईरप्पा शांत माणूस होता, पण जेवणाचा भोक्ता. त्यानं डोकं चालवलं. दुपारच्या सुट्टीत साचे थांबलेले असतात, तेव्हा वाफ चढवून ठेवायची. मग कोळसा टाकायचा तो अगदी चिमूट-चिमूट, पसरून. तसा टाकला की धूर कमी होतो हे त्याला ठाऊक होतं, पण त्या पद्धतीनं आगवाल्याला क्षणभर बसायला मिळत नाही. बायलरखान्याच्या मागच्या दारातून त्यांचं माळवद दिसायचं. ठरलं असं, की कुरडया वाळत असल्या म्हणजे चंद्रव्वानं कठड्यावर आपलं तांबडं इरकली लुगडं टाकायचं. लुगडं दिसतंय तोवर फावडं जपून. लुगडं काढलं की मोकळं.

युक्ती चालली. घाणेच्या घाणे कुरडया निघाल्या, दुधासारख्या पांढऱ्या. डब्यातलं कालवण तर्रीदार झालं.

पण एके दिवशी कुरडयांचा चीक जरा सैल शिजला. कुरडया वाळता वाळेनात. ऊन कलायला लागलं तरी खालून ओल्याच. चंद्रव्वा एक-एक उलटी करत बसली आणि लुगडं कठड्यावरच राहिलं.

इकडं ईरप्पा दारातून बघतोय, लुगडं आहेच. वाफेच्या घड्याळाकडं बघतोय, काटा उतरतोय. पुन्हा लुगडं, पुन्हा काटा. शब्द दिलेला होता, आणि रात्रीचं जेवणही डोळ्यांपुढं होतं. त्यानं अजून चिमूटभर टाकला आणि थांबला.

साचेखात्यात आधी पट्टे सैलावल्यासारखे फिरायला लागले. मग साचे दम्याच्या म्हाताऱ्यासारखे धापा टाकायला लागले. विणणारांची मजुरी कापडावर. साचा मंदावला की मजुरी मंदावते. आरडाओरडा झाला. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पळत मॅनेजरकडं गेला, आणि मुजुमदार साहेब पांढरा कोट, पांढरं धोतर, डोक्याला पगडी अशा थाटात स्वतः बायलरखान्यात उतरले. भट्टी मिणमिणत होती. ईरप्पा फावडं हातात धरून दारात उभा होता.

"ईरप्पा! झोप लागली का रे?"

"न्हाय सायेब, जागा हाय."

"मग कोळसा का नाही टाकत?"

"लुगडं हाय सायेब अजून."

साहेबांनी दाराबाहेर बघितलं. "कसलं लुगडं?"

"त्ये काय, तांबडं. आमच्या घरचं हाय. तितं कुरडया वाळत्यात. धूर केला तर काळ्या पडत्यात."

मुजुमदार साहेबांनी लुगड्याकडं बघितलं, भट्टीकडं बघितलं. मग ते कडाडले. "अरे, चारशे साचे! चारशे साचे तुझ्या बायकोच्या कुरडयांसाठी रखडवलेस?"

"तिच्या न्हवंत सायेब," ईरप्पा हळूच म्हणाला. "तुमच्या हायत. ताईसायबांच्या लग्नाच्या."

जॉबर एकाएकी भिंतीकडं बघायला लागला. साहेबांनी पगडी सारखी केली. "कोळसा टाक आधी!" ते ओरडले. "चांगला भरपूर टाक! मी बघतो तुझ्या त्या कुरडया!" आणि ते तरातरा आमच्या गल्लीकडं निघाले.

गिरणीचा मॅनेजर आमच्या गल्लीत येण्याची ती पहिलीच वेळ. बजाबाईनं धुणं टाकून दिलं आणि वाट दाखवायला पुढं झाली. साहेब शिडीनं माळवदावर चढले, आणि नेमका त्याच वेळी ईरप्पानं त्यांचा हुकूम पाळला होता. चुऱ्याचा एवढा ढीग एकदम भट्टीत पडल्यावर जे व्हायचं तेच झालं. धुराड्याच्या तोंडातून काळाकभिन्न लोट निघाला, वाऱ्यावर कलला आणि थेट गल्लीवर उतरायला लागला.

"अय्यो शिवा!" चंद्रव्वा किंचाळली. तिनं कुरडयांखालच्या धोतराचं एक टोक उचललं आणि समोर जो कोणी पांढऱ्या कपड्यांतला माणूस दिसला त्याला म्हणाली, "बघताव काय? धरा की त्ये टोक! गुंडाळा! हिकडनं न्हवं, तिकडनं!"

चारशे साच्यांचा मॅनेजर कोटाच्या बाह्या वर सारून ओणवा झाला. दोघांनी मिळून निम्म्या कुरडया धोतरात गुंडाळून शिडीजवळच्या खोपटात सरकवल्या. उरलेल्या निम्म्या उघड्यावर राहिल्या, आणि साहेबही. लोट ओसरल्यावर चंद्रव्वानं नीट बघितलं तेव्हा तिला कळलं की टोक कुणी धरलं होतं. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. साहेबांच्या कोटावर, मिशीवर, पगडीवर काजळीची फुलं पडली होती. ते धुराड्याकडं बघत होते. कचेरीच्या खिडकीतून ते धुराडं त्यांना रोज दिसायचं, पण या बाजूनं त्यांनी ते बघितलंच नव्हतं.

"एवढा धूर रोज असतो?" त्यांनी विचारलं.

"रोज एवढा नसतो," चंद्रव्वा अदबीनं म्हणाली. "आज तुमी आलाव म्हणून जास्ती आलाय."

खाली बजाबाईला ठसका लागला, तो धुरानं होता की कशानं, कुणी विचारलं नाही.

ईरप्पाला साहेबांनी फार काही केलं नाही. करता येण्यासारखंही नव्हतं. पुरती हकिकत सांगायची तर वच्छलाबाईंच्या कुरडयांपासून सुरुवात करावी लागली असती, आणि ती मालकांना कोण सांगणार? 'पुन्हा असं लुगड्याकडं बघून बायलर चालवलास तर खबरदार,' एवढ्यावर निभावलं. वच्छलाबाईंनी नवऱ्याला दारातच थांबवून अंगावर दोन बादल्या पाणी घातलं आणि दुसऱ्या दिवशी चंद्रव्वाला निरोप धाडला, की राहिलेलं काम बंगल्याच्या गच्चीवर येऊन कर.

बंगला सात रस्ता चौकाच्या पलीकडं होता. चंद्रव्वा गच्चीवर गेली आणि वर बघतच उभी राहिली. आभाळ निळं होतं. दिवसभर कुरडया पडून राहिल्या आणि एक ठिपका बसला नाही. तिनं माळ्याला विचारलं, "हितं धूर कसा येत न्हाय?"

"बंगला बांधायच्या आधी सायबांनी वारा बघितला होता म्हनं," माळी म्हणाला. "उन्हाळ्यात वारा हिकडनं तिकडं वाहतो. धूर जातो त्यो तुमच्याकडं."

"आमची गल्ली बांधताना न्हाय बघितला कुणी?"

"गल्लीला कोण वारा बघतंय?"

लग्न थाटात झालं. पुण्याच्या व्याह्यांनी कुरडया तीन-तीनदा मागून घेतल्या आणि बाकी सगळ्याला नावं ठेवली. वच्छलाबाई खूश झाल्या. चंद्रव्वानं तेवढ्यात बोलून घेतलं, की दर उन्हाळ्यात गच्ची मिळावी, आणि एकटीला नव्हे, गल्लीतल्या आणखी दोघींना. वच्छलाबाई 'बघू' म्हणाल्या. चंद्रव्वानं ते 'हो' धरलं आणि पुढच्या फाल्गुनात पाट-सोऱ्या घेऊन तिघी हजर झाल्या.

इकडं मुजुमदार साहेबांनी मालकांपुढं धुराची गोष्ट काढली. गल्लीच्या त्रासाचं मालकांनी ऐकून घेतलं आणि चहा मागवला. पण इंजिनियर म्हणाला, की धुराडं उंच केलं तर आग ओढ चांगली घेते, कोळसा कमी लागतो. त्यासरशी धुराडं उंच करायचं ठरलं. परांच्या बांधल्या, गवंडी चढले, आणि पुढच्या वर्षापर्यंत धुराड्याची उंची चांगली पिंपळाएवढी वाढली. धूर आता आमच्या डोक्यावरून निघून जायला लागला. सोमलिंगची गाय पांढरी झाली. चंद्रव्वानं गवंड्यांना पापड वाटले.

तो आनंद पुरता जिरायच्या आत एक दिवस तळ्याकडची दगडाबाई परटीण गल्लीत आली. कमरेवर बोचकं, चेहरा लाल.

"चंद्रव्वा कोण हाय हितं?"

"मी. का?"

"तुमी तुमचा धूर आमच्याकडं धाडलाव, आमी काय पाप केलं?"

"मी कुटं धाडला? म्या काय फुंकला काय त्यो?" चंद्रव्वा बजाबाईच्या मराठीत सुरू झाली. दगडाबाईनं वाद घातला नाही. तिनं बोचकं सोडून एक धोतर पसरलं. सकाळी धुतलेलं, आणि त्यावर ते काळे तीळ. चंद्रव्वानं बोट लावलं. तीळ पसरला.

तिनं बोट पदराला पुसलं. असले तीळ तिनं हजार कुरडयांवर बघितले होते. ती म्हणाली, "बसा. पाणी घ्या आधी." आणि आत जाऊन तिनं चहा टाकला. धूर संपलेला नाही, त्यानं नुसतं घर बदललंय, हे तिला त्या धोतरावर दिसलं. रात्री तिनं ईरप्पाला विचारलं, "धूर कमी कशानं हुतो, खरं सांगा. दूर जातो कशानं, त्ये विचारत न्हाय मी."

"खड्यांचा कोळसा आणि जपून टाकणं," ईरप्पा म्हणाला. "पण खड्याला पैसा पडतो, आन् जपून टाकायला माणूस पडतो. एका आगवाल्याचं काम न्हाय त्ये, दोन लागत्यात."

दुसऱ्या दिवशी दोघी बायका बंगल्यावर गेल्या. मुजुमदार साहेब व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होते. दगडाबाईनं धोतर पसरलं. साहेबांनी चष्मा चढवून काठ बघितला.

"हे तर माझं धोतर!"

"तुमचंच हाय," दगडाबाई म्हणाली. "तीनदा धुतलं. आता चौथ्यांदा धुवायचं तर सूत न्हाय उरायचं."

"मालकांना मी काय सांगणार?" साहेब म्हणाले. "एक आणा वाचतो तिथं ते दोन कोस चालत जातात."

"त्यांची धोतरं कोण धुतं?" चंद्रव्वानं विचारलं.

दगडाबाईनं मान हलवली. "आमीच धुतो. त्यांची अजून दिली न्हाईत."

साहेबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या आठवड्यात मालकांची धोतरं आहेत तशी परत गेली, घडी न मोडता, तिळांसकट. वर मुजुमदार साहेब हिशेब घेऊन गेले, की जपून जाळला तर कोळसा वाचतो, त्यात दुसऱ्या आगवाल्याचा पगार निघतो. धोतरांनी पटलं की हिशेबानं, ते मालकांनाच ठाऊक. खड्यांचा कोळसा पुरता आला नाही, निम्म्यास निम्मा आला. दुसरा आगवाला मात्र मिळाला. धूर निम्म्यावर उतरला, आणि तिथंच थांबला. दगडाबाई निम्म्या शिव्या द्यायला लागली.

पुढं मंदी आली. गिरणी आठवड्यातनं काही दिवस बंद राहायला लागली. त्या दिवसांत आभाळ काचेसारखं लख्ख, चंद्रव्वाच्या कुरडया चांदण्यासारख्या, आणि घ्यायला गिऱ्हाईक नाही. बजाबाईचा मुलगा घरी बसलेला, सोमलिंगचं दूध उरायचं. चंद्रव्वा कुरडया नुसत्याच वाटायची आणि म्हणायची, "धूर बी नको आन् उपास बी नको, असलं काय कुणाला सुचंना का ह्या जगात?" हे ती ज्याला-त्याला विचारायची, गच्चीवर वच्छलाबाईंनासुद्धा.

गिरणी पुन्हा सुरळीत चालू झाली तोवर ईरप्पाच्या छातीनं सांगून टाकलं होतं की आता पुरे. खोकला घेऊन तो घरी बसला. बसायचं कुठं, तर माळवदावर, कावळे हाकलत. आणि हाकलता हाकलता सगळं लक्ष धुराड्याकडं.

"बघ, बघ! ढीग टाकला गाढवानं! असा टाकत्यात व्हय? पसरून टाकावा, पसरून!" तो काठी आपटून ओरडायचा. त्या आवाजानं कावळे उडायचे, तेवढाच फायदा.

पापड लाटता लाटता चंद्रव्वा मान न वळवता शेजारणींना सांगायची, "तीस वर्सं खाली मान घालून कोळसा टाकला, धूर कुटं जातो कधी बघितलं न्हाय. आता मान वर झालीया, तर खालीच व्हईना."